वाटेत दोन रात्री मस्कतला

बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालं त्याच वर्षी मुलीचा इंग्लंडहून फोन आला की तिला दिवस गेलेत. आमची ती एकुलती एक. आधी एकदा राहिलेलं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, म्हणून या वेळी तिने चार महिने होईपर्यंत आम्हाला काही कळवलंच नव्हतं. फोनवर आधी ती हसली आणि मग म्हणाली, "आई, तू येशील ना?"

बायकोने क्षणभरही विचार केला नाही. "येणार म्हणजे काय! येतलंय!" म्हणाली.

फोन ठेवला आणि ती कमरेला हात लावून आडवी झाली.

बायकोने गोव्यात धारगळच्या आमच्या घरात पस्तीसेक वर्षं शिवणाचं मशीन चालवलं. आजूबाजूच्या तीन गावांतल्या मुलांचे शाळेचे गणवेश तिने शिवलेत. मी वीज खात्यात, नोकरी डिचोलीला. सकाळी निघालो की संध्याकाळी परत. दिवसभर ती वाकून मशीनवर. त्या वाकण्याने पाठीचे मणके शेवटी कामातून गेले. ऑपरेशन चांगलं झालं, चालायला लागली, पण बसणं मात्र जमेना. उभी राहील, चालेल, आडवी होईल. खुर्चीत अर्धा तास बसली की चेहरा पांढरा पडायचा. ऑपरेशननंतर एकदा कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो, भाड्याची गाडी करून. आंबोलीचा घाट चढताना ती मागच्या सीटवर आडवी झाली आणि लग्नाच्या घरी पोहोचल्यावर दोन दिवस उठली नाही. अक्षता आम्ही खोलीतूनच टाकल्या.

तर ही बाई इंग्लंडला कशी जाणार?

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बसून नको. झोपून जाता आलं तर खुशाल जा. पोटऱ्यांचा व्यायाम सांगतो, तो करा." विमानात झोपून जायच्या जागा असतात हे मला ऐकून माहीत होतं. जावयाने चौकशी केली. तो तिकडे एका हॉटेलात आचारी. त्याने फोनवर भाडं सांगितलं आणि लगेच म्हणाला, "बाबा, अर्धे आम्ही भरतो." मी म्हटलं, बघू. पण बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. एका माणसाच्या एका फेरीत आमचं घर नव्याने शाकारून झालं असतं. आणि त्या पोरांनी बाळासाठी मोठी खोली भाड्याने घेतलेली, त्यांच्याकडून काय घेणार?

मोपाचा विमानतळ आमच्या घरापासून जवळ. विमानं डोक्यावरून जातात, उतरताना चाकंसुद्धा दिसतात. त्या दिवसांत बायको अंगणात कपडे वाळत घालताना विमान गेलं की मान वर करून बघायची. मला ते बघवत नसे. मी आत जाऊन उगाच रेडिओ लावायचो.

तिचं माहेर मांद्रेचं. तिच्या भावाने माडांच्या बागेत मागे चार खोल्या काढल्यात. हिवाळ्यात परदेशी पाहुणे येऊन राहतात. एका रविवारी आम्ही गेलो होतो. गाडीत मागे गादी टाकून बायकोला झोपवून नेलेलं. जेवण झाल्यावर मी मेहुण्यापाशी मन मोकळं केलं. तो म्हणाला, "भावजी, आमच्या त्या जर्मन आजीला विचारू या. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. ती दर वर्षी झोपूनच येते."

"श्रीमंत असेल."

"कसली श्रीमंत! शाळेत शिकवायची. माझ्याकडे खोलीच्या भाड्यात घासाघीस करते."

ही बाई सत्तरीच्या पुढची, उंच, हातात काठी. मांद्रेला इतकी वर्षं येत होती की पाववाला कोणत्या वेळी येतो ते तिला आमच्यापेक्षा नीट माहीत. आम्ही गेलो तेव्हा ती ओसरीवर काळा चहा पीत बसली होती. माझं इंग्रजी खात्यातल्या अर्जांपुरतं, पण तिचंही काही फार नव्हतं, त्यामुळे आमचं छान जमलं. मी सगळं सांगितलं. बायको शेजारच्या बाकावर आडवी होऊन ऐकत होती.

सगळं ऐकून ती म्हणाली, "मी कधीच सरळ येत नाही."

मला कळलं नाही. तिने समोरची खुर्ची दाखवली आणि लॅपटॉप उघडला.

तिने समजावलं ते असं. विमान कंपनी भाडं फक्त अंतरावर लावत नाही. ज्याला आजच्या आज पोहोचायचंय, ज्याचं भाडं त्याचं ऑफिस भरतं, त्याच्याकडून ती जास्त घेते. जो मधल्या गावी दोन दिवस थांबायला तयार आहे तो घाईवाला नाही हे उघडच. त्याला तीच खुर्ची, तेच जेवण, तीच उशी, पण भाडं पुष्कळदा बरंच कमी. "प्रत्येक वेळी नाही," तिने बोट वर करून सांगितलं. "तारखा बदलून बघायच्या. थांबायचं गाव बदलून बघायचं. धीर पाहिजे."

आणि तिने बघायला सुरुवात केली. आधी गोव्याहून लंडनला, मस्कतला फक्त विमान बदलून. तोच जावयाने सांगितलेला आकडा. मग मस्कतला एक रात्र. भाडं थोडं हललं. मग दोन रात्री, आणि निघायचा वार शुक्रवारऐवजी मंगळवार. पडद्यावर नवा आकडा आला. मी चष्मा पुसला.

"परत एकदा करा," मी म्हटलं.

तिने परत केलं. तोच आकडा. निम्म्याहून थोडासाच जास्त.

बाकावरून बायकोचा आवाज आला, "काय झालां? सांगा तरी!"

मी सांगितलं. ती कोपरावर टेकून उठली. "म्हणजे माका निजान जावक गावात?" झोपून जायला मिळेल का, एवढंच तिला विचारायचं होतं. बाईला आमची पेडण्याची बोली कुठून कळणार, पण बायकोचा चेहरा बघून तिने मान डोलवली.

निघताना तिने मला तीन गोष्टी बजावल्या. सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा, म्हणजे मधे काही बिघडलं तर पुढचं त्यांनी बघायचं. हॉटेलचा खर्च आधी मिळवून मगच स्वस्त म्हणायचं. आणि तिकिटातला कुठलाही टप्पा सोडायचा नाही. एक सोडला की पुढचे सगळे रद्द होतात.

तरी मला धाकधूक होतीच. मी सगळी हयात सरकारी खात्यात काढलेली. जे स्वस्तात मिळतं त्यात काहीतरी गोम असते ही माझी समजूत. म्हापशाच्या एका तिकीटवाल्याकडे गेलो आणि दबकत विचारलं, हे असं करणं गैर तर नाही ना? विमानतळावर अडवून फरक मागितला तर? तो हसला. "काका, यात लपवायचं काहीच नाही. थांबा तिकिटातच लिहिलेला असतो. कंपन्यांना हवंच असतं, लोक त्यांच्या गावात राहावेत म्हणून." त्याने स्वतः करून बघितलं, त्याच्याकडेही तेच भाडं आलं, आणि म्हणाला, "बऱ्याच जणांना मी हे कधी सांगितलंच नाही. कोण विचारतच नाही." इंग्लंडचा व्हिसा पासपोर्टवर असला तर मस्कतला थोडे दिवस राहायला वेगळी खटपट करावी लागत नाही, हेही त्यानेच बघून सांगितलं.

बायकोला पुढे झोपायची जागा आणि मला मागे साधी, असं तिकीट काढलं. तिला ते पटत नव्हतं. "तुम्ही मागे आणि मी राणीसारखी पुढे?" म्हणाली. मी म्हटलं, माझी पाठ शाबूत आहे, मोडली ती तुझी.

बाळंतपणाला तीन आठवडे असताना पोहोचू असा हिशेब होता. बायकोने दोन महिने आधीपासून तयारी केली. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळीव, ओवा, जुन्या सुती लुगड्यांची धुऊन मऊ केलेली दुपटी. माझे कपडे शेवटी हातातल्या पिशवीत गेले.

मोपाहून सकाळी निघालो. विमानात शिरल्यावर तिला डावीकडे नेलं, मला उजवीकडे. मधे पडदा. मी जागेवर बसलो आणि कान पडद्याकडे लावले, जणू काही ऐकू येणार होतं. अर्ध्या तासाने विमानातली एक मुलगी आली, खाली वाकून हिंदीत म्हणाली, "आपकी मिसेस सो रही हैं. उन्होंने कहा था, आपको बता दूँ." तेव्हा मी पट्टा सैल केला.

मस्कतला उतरली ती चालत. चाकांची खुर्ची मागवून ठेवली होती, ती तिने रिकामीच ढकलायला लावली. "बसायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला?" म्हणाली.

तो दिवस आमचा फार चांगला गेला. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण त्या थांब्याकडे मी फक्त पैसे वाचवायची युक्ती म्हणून बघत होतो. हॉटेलात ती दोन तास झोपली. ऊन उतरल्यावर आम्ही समुद्राच्या कडेच्या रस्त्याने चालायला गेलो. एका बाजूला पांढरी घरं, मागे काळे उघडेबोडके डोंगर, झाड म्हणून नाही. ती कमरेचा पट्टा बांधून हळूहळू चालत होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दोघांनीच परगावी, कुणाचं लग्न नाही, कुणाचं आजारपण नाही, असं आम्ही कधी फिरलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीबाजारात गेलो. सुरमई, आमची इसवण, बघून ती थांबली, कल्ले उघडून बघितले आणि कापणाऱ्याला हिंदीत भाव विचारला. तो केरळचा निघाला. "कहाँ पकाओगी, अम्मा?" त्याने विचारलं. "पकाऊँगी नहीं. देखने में क्या जाता है?" ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

तिथेच, मासळीबाजाराच्या दारात, माझा फोन वाजला. जावई होता.

मुलीचं पाणी मध्यरात्रीच फुटलं होतं. ती हॉस्पिटलात होती. बाळाचे ठोके मधेच मंद होताहेत, डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणताहेत, तिला आत न्यायची तयारी चाललीय. "बाबा, ते म्हणतात काळजीचं कारण नाही. पण मला काही सुचत नाही." आणि मागून कुणीतरी त्याला हाक मारली, तसा फोन बंद झाला.

मी बायकोला सांगितलं. ती तिथल्या कठड्याला धरून उभी राहिली.

मी मात्र बोलत सुटलो. सरळ गेलो असतो तर काल रात्रीच पोहोचलो असतो. आत्ता तिच्या उशाशी असतो. चार पैसे वाचवायला मी इथे मासे बघत फिरतोय आणि पोरगी तिकडे एकटी. टॅक्सीत मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं, आज दुपारच्या विमानात जागा आहेत. पण थांबा मोडला तर भाडं नव्याने लागेल, वरचा फरक भरावा लागेल. फरक म्हणजे जेवढं वाचवलं होतं तेवढं सगळं, आणि वर आणखी. मी म्हटलं, भरतो. गेले तर गेले.

बायकोने माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि त्या मुलीला म्हणाली, "थोड़ी देर में बताते हैं."

"अगो, तुला कळतंय का—"

"तुमी उगी बसा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "दुपारचं विमान धरलं तरी आपण तिथे रात्री पोहोचणार. ऑपरेशन आता होतंय. आपण उडालो तर सात-आठ तास आपल्याला कायच कळणार नाही. तिने हाक मारली तर फोन कोण घेणार? इथे निदान फोन तरी लागतो."

हॉटेलात आलो. ती जमिनीवर चादर टाकून आडवी झाली, कारण काळजीने पाठ आवळून आली होती. फोन तिने छातीवर ठेवला. मी खिडकीपाशी उभा. समोर बंदरात एक मोठं पांढरं जहाज उभं होतं आणि त्यावरून माणसं उतरत होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी देवीला काय काय बोललो तेही आता आठवत नाही. बायकोचे ओठ हलत होते एवढं दिसत होतं.

फोन वाजला तेव्हा आम्हा दोघांनाही तो उचलवेना. शेवटी तिनेच उचलला.

आधी नुसतं रडणं ऐकू आलं. मग लक्षात आलं की रडणारा जावई आहे, आणि रडता रडता तो हसतोय. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." बाळ थोडं लहान आहे, दोन-तीन दिवस उबेच्या पेटीत ठेवतील, पण श्वास स्वतःचा घेतेय. रडली पण. मोठ्याने रडली.

बायको जमिनीवर पडल्या पडल्या छताकडे बघून म्हणाली, "बरां झालां गो बाय. बरां झालां." डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांत गेलं आणि तिने ते पुसलंही नाही. मी तिच्या शेजारी खाली बसलो. तिथली गार फरशी अजून आठवते. माझ्या अंगातून काहीतरी उतरून जात होतं आणि मला हसू येत होतं, कशाचं ते कळत नव्हतं.

तासाभराने मुलगी स्वतः बोलली. आवाज खोल गेलेला, पण तिचाच. मी घाईघाईने म्हटलं, "आम्ही आजच निघतो गो. मी बघतो काय ते."

"नको बाबा," ती म्हणाली. "आता मला डॉक्टरांची गरज आहे, ते इथे आहेत. घरी नेल्यावर आई लागेल. ती थकून, वाकून इथे आली तर मी कुणाकडे बघू? तुम्ही ठरल्याप्रमाणेच या. तिला झोपवून आणा."

मी कंपनीला फोन करून सांगितलं, काही बदलायचं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा कुठे गेलो नाही. हॉटेलवाल्याला बातमी सांगितली, तर त्याने खजूर आणि कॉफी पाठवली. बायकोने कॉफीत साखर मागितली आणि साखर घालूनही ती कडूच लागते म्हणून मला दिली.

दुसऱ्या दिवशीचं विमान मोठं. तिला पुन्हा पुढे नेलं. मी मागे मधल्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड माणसं, गुडघे समोरच्या सीटला टेकलेले. पण खरं सांगतो, इतक्या निवांतपणे मी कधी कुठे बसलो नसेन. मधे एकदा एक मुलगी माझ्यासाठी कागदी रुमालात बांधून काहीतरी घेऊन आली. उघडलं तर भाजलेले काजू, अजून गरम, आणि एक चॉकलेट. बायकोने पाठवलेले. तिने निरोप दिला होता की काजू आपल्याकडच्यासारखे नाहीत, पण खा.

लंडनला उतरल्यावर ती पडद्यापलीकडून आली. केस विंचरलेले, साडी नीट, चेहरा झोपून उठलेल्या माणसाचा. "पाठ?" मी विचारलं. "आसा म्हणून कळना नाय," ती म्हणाली. पाठ आहे हे जाणवतसुद्धा नाही! मीच आखडलो होतो. पहिली चार पावलं मला खुर्च्यांचा आधार घेत टाकावी लागली आणि त्यावर ती मनसोक्त हसली.

जावयाने तिथून थेट हॉस्पिटलात नेलं. गाडीत पुढची सीट पूर्ण मागे पाडून ठेवली होती त्याने. मुलगी पलंगावर टेकून बसलेली, डोळे सुजलेले. आम्हाला बघून तिचा चेहरा वाकडा झाला, लहानपणी पडून आल्यावर व्हायचा तसा. बायको सरळ चालत गेली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "झालां, झालां" म्हणाली. नर्सने बाळाला पेटीतून काढून आणलं. मला भीती वाटत होती, ही उभ्याने कशी घेणार. बायकोने हात पुढे केले, एका तळव्यात डोकं, दुसऱ्यात खालचं अंग, आणि दिव्याच्या उजेडात उभी राहून बराच वेळ बघत राहिली. बाळाने जांभई दिली. एवढीशी जांभई.

आठवड्याने बाळ घरी आलं. पहिल्याच सकाळी मला जाग आली ती स्वयंपाकघरातल्या आवाजाने. बायको उभ्याने अळिवाची खीर ढवळत होती आणि खांद्यावरच्या नातीला पेडण्याच्या बोलीत काहीतरी सांगत होती, पाण्याचा नळ इथे उलटा फिरतो, दूध पिशवीतून नाही तर बाटलीतून येतं, असलं काहीतरी. आतून मुलगी विचारत होती, "आई, ती झोपली का?" बायको म्हणाली, "ती जागी आहे. तूच झोप."

मी कूस बदलली आणि पुन्हा झोपून गेलो.